तिच्या गाण्यांना ‘ती गाणी’ म्हणू नकोस

नौपाडा, ठाणे
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घणसोलीत खोली मिळाली, महाप्याच्या कंपनीत जम बसू लागला आणि डब्याची सोय झाली हे वाचून बरे वाटले. या तिन्ही गोष्टी तू चार ओळींत उरकल्यास आणि उरलेली दोन पाने नव्या रूममेटवर खर्च केलीस, तेव्हा अडचण कोठे आहे हे माझ्या ध्यानात आले. ती नांदेडची आहे, ऐरोलीत नोकरी करते, दुपारी दोनला निघून रात्री साडेअकराला परतते, भांडी वेळेवर घासते, भाड्याचा वाटा मागावा लागत नाही. एवढे सगळे चांगले असूनही “आमची गाणी जुळत नाहीत, बाई” असे तू लिहिले आहेस. तुला शास्त्रीय आणि नाट्यसंगीत आवडते, तिला रॅप आवडते “आणि रविवारी सकाळी ती त्यांची ती गाणी लावते”. गाण्यांच्या निमित्ताने मैत्री व्हावी असे तुला वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे सुचत नाही.

उत्तराची सुरुवात त्या शेवटच्या वाक्यापासूनच करावी लागेल, आणि ती तुला थोडी झोंबेल. ‘त्यांची ती गाणी’ या तीन शब्दांत दोन सर्वनामे आहेत आणि गाण्यांचे नाव मात्र नाही. तीन वर्षे मी तुझ्या प्रयोगवह्या तपासल्या. कपॅसिटरला तू कधी ‘तो पार्ट’ म्हटले नाहीस. मग भीमगीतांना भीमगीते म्हणताना पेन का अडखळले? तुझ्या मनात वाईट काही नव्हते हे मी जाणते. तुझ्या घरी, तुझ्या वाडीत ते नाव कोणी सहजपणे घेत नसे, म्हणून ते तुझ्या हातालाही सवयीचे झाले नाही, एवढेच. परंतु हे ‘एवढेच’ एका खोलीत राहणाऱ्या माणसाला न सांगता कळते. तिने रविवारी गाणे लावल्यावर तू आवाज कमी करायला सांगितले नाहीस, उलट काही न बोलता उठून गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलीस, असे तूच लिहिले आहेस. तुला तो समजूतदारपणा वाटला असेल. तिने मात्र असे गॅलरीत निघून जाणे शाळेपासून पाहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

तेव्हा आधी त्या गाण्यांशी थोडी ओळख करून घे. सत्यशोधकी जलशांनी जी वाट पाडली होती तिच्यावरूनच पुढे आंबेडकरी जलसे चालू लागले. वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत विचार पोहोचवण्याचे ते साधन होते, आणि त्यासाठी तमाशाचा बाज, कीर्तनातले निरूपण, पुढच्या काळात कव्वालीची धाटणी, असे जे जे लोकांच्या कानात आधीपासून मुरलेले होते ते सारे त्या शाहिरांनी वापरले. वामनदादा कर्डक हे नाव तू ऐकले नसशील. सिन्नरजवळच्या देशवंडी गावचा हा माणूस. जन्म 1922चा, निधन 2004चे. मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेल्या या कवीने असंख्य गाणी लिहिली आणि गावोगाव हिंडून स्वतः गायली. तुझ्या घरी नाट्यपदांची पुस्तके काचेच्या कपाटात असतात हे मी पाहिले आहे. या गाण्यांचे बरेचसे कपाट माणसांच्या तोंडातच होते, आणि म्हणून ती म्हणण्याला, पुन्हापुन्हा म्हणण्याला, वेगळे मोल आहे.

आणखी एक सांगते. आषाढी एकादशीला तुमच्या देवळाच्या कर्ण्यावरून विठ्ठलाची जी गाणी लागतात, त्यांत तो खडा, मोकळा, लांबवर जाणारा आवाज तुला आठवत असेल. प्रल्हाद शिंदे यांचा तो आवाज. त्याच प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीतेही गायली आहेत, आणि 14 एप्रिलला तिच्या वस्तीत तीही वाजत असणार. तुम्ही दोघी लहानपणापासून एकाच माणसाचे गाणे दोन वेगळ्या कर्ण्यांवरून ऐकत आल्या आहात, आणि हे तुमच्यापैकी एकीलाही ठाऊक नाही.

मात्र यातले काहीही तिच्यासमोर घडाघडा म्हणून दाखवू नकोस. तुझी मूळ खोड मला माहीत आहे. एखादी गोष्ट कळली की ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय तुला चैन पडत नाही. तिच्या आजोबांच्या तोंडची गाणी तिला समजावून सांगण्याचा अधिकार चार ओळी वाचल्याने आपल्याला मिळत नाही. येत्या रविवारी ती गाणे लावील तेव्हा कपडे तसेच बादलीत राहू दे, आणि खोलीतच बस. गाणे संपेपर्यंत फोन हातात घेऊ नकोस. संपल्यावर वाटलेच तर एखाद्या न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचार. पहिल्या दिवशी तेवढे पुरे.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. “तिला मी विचारले, तुला कोणती गाणी आवडतात, तर ती म्हणाली, सगळीच. मग विषयच संपला.” अगं, तो विषय संपणारच होता. हा प्रश्न मुलाखतीतल्या प्रश्नासारखा आहे. समोरचा माणूस तुझ्याकडे बघतो, तुला काय शोभेल याचा अंदाज बांधतो आणि तसे उत्तर देतो. तुझ्या बोलण्यात आधीच राग, पदे, ख्याल असे शब्द येऊन गेले असतील, तर ‘सगळीच’ म्हणण्याखेरीज त्या मुलीने काय करावे? त्याऐवजी घरी सकाळी रेडिओ लागायचा की टीव्ही, घरात कोण गुणगुणत असे, कोणते गाणे लागले की वडील ‘बंद कर ते’ म्हणून ओरडत, गावाहून निघताना एसटीत कोणते गाणे वाजत होते, असे काही विचारून पाहा. आवड विचारली की माणूस यादी देतो. घर विचारले की तो बोलायला लागतो, आणि त्या बोलण्यात गाणी आपोआप येतात.

आणि यादी तीच देते आहे असे समजू नकोस. तूही दिलीस. मला लिहिलेल्या पत्रात तू आपली आवड शास्त्रीय आणि नाट्यसंगीत अशी सांगितलीस, ती खोटी नाही; स्नेहसंमेलनात तू म्हटलेले पद मला अजून आठवते. परंतु त्याच स्नेहसंमेलनाच्या रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात पायात चाळ बांधून जाखडी कोण नाचत होते? गौरी-गणपतीत तुझे वडील आणि चुलते ज्या नाचात असतात, ज्याच्या ढोलकीचा ठेका तू झोपेतही चुकणार नाहीस, ती जाखडी दोन पानांच्या पत्रात एका शब्दाने आलेली नाही. नांदेडच्या मुलीसमोर आपण कोकणातल्या सुसंस्कृत घरच्या दिसावे असे तुला वाटले असेल. मला वाटते, जाखडीचा उल्लेख तू आधी केला असतास तर तिचे ‘सगळीच’ हे उत्तर आले नसते.

ही गोष्ट मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे, आणि तुझ्याहून अधिक जोरात. 1984 साली मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागले आणि येथे नौपाड्यातच एका वृद्ध बाईंच्या घरी मागची खोली भाड्याने घेतली. मी मिरजेची. तंबोरे आणि सतारी जेथे घडतात त्या गल्लीच्या तोंडाशी आमचे घर, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी संगीतसभा लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे गाण्यातले आपल्याला कळते हा समज माझ्या ट्रंकेतून माझ्याबरोबर ठाण्याला आला होता. महिनाभराने अमरावती जिल्ह्यातली एक मुलगी खोलीत आली. तिचे वडील श्रीगुरुदेव सेवा मंडळात होते, आणि मोझरीच्या गुरुकुंजाशी, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या आश्रमाशी, त्या घराचा जुना संबंध होता. तिच्याजवळ एक ट्रान्झिस्टर आणि एक खंजिरी होती. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने ती संध्याकाळी हलक्या आवाजात म्हणत असे. दोन आठवडे मी ऐकून घेतले आणि एके दिवशी म्हणाले, “अगं, हे भजन झाले. गाणे वेगळे असते.”

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून खंजिरी पिशवीत गेली आणि भजन बंद झाले. मला आधी बरेच वाटले. पुढे लक्षात आले की तिने ट्रान्झिस्टर लावणेही सोडले आहे, स्वयंपाक करताना गुणगुणणेही सोडले आहे, आणि माझ्याशी ती आता फक्त दूध, रॉकेल आणि भाडे या तीन विषयांवर बोलते. असे पाच-सहा आठवडे गेले. क्षमा मागावी एवढे शहाणपण मला नव्हते. नंतर आषाढाचा पाऊस लागला. ठाण्याचा पाऊस तुला आता कळेलच. कपड्यांना, पुस्तकांना, पिठाला, सगळ्यांना दमट वास येतो. एका रविवारी तिने पिशवीतून खंजिरी काढली, बोटाने वाजवून पाहिली, आणि कातडे ओलीने सैल पडलेले पाहून ती तशीच परत ठेवू लागली. तबल्याची, तंबोऱ्याची दुखणी मी जन्मापासून पाहिलेली. मी वातीचा स्टोव्ह पेटवला, तिच्या हातातून खंजिरी घेतली आणि बऱ्याच उंचीवर धरून फिरवत फिरवत शेकली. जवळ धरली तर कातडे तडकते, म्हणून हात भरून येईपर्यंत वेळ लागतो. नाद परत आला तेव्हा ती हसली. मग तिने मला अंगठा आणि बोटे कशी टाकायची ते दाखवले, आणि मिरजेच्या मला तो साधा वाटणारा ठेका त्या दिवशी जमला नाही. पुढे त्या पावसाळ्यात दर रविवारी खंजिरी शेकणे हे माझे काम झाले.

ही गोष्ट वाचून तुला वाटेल की त्यानंतर ती ख्याल ऐकू लागली आणि मी भजने म्हणू लागले. तसे काहीही झाले नाही. गडकरी रंगायतन तेव्हा नवे होते, 1978 साली उघडलेले. तेथे एका गायनाच्या बैठकीला मी तिला नेले, तर विलंबित लयीत ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून शांतपणे झोपली. मीही तिची सगळीच भजने आवडीने ऐकली असे नाही. तीन वर्षे आम्ही एकत्र राहिलो आणि दोघींच्या आवडी जवळजवळ होत्या तेथेच राहिल्या. म्हणून तू आवडी जुळवण्याच्या मागे लागू नकोस, आणि आवडल्याचे नाटक तर मुळीच करू नकोस. ते आठ दिवसांत उघडे पडते, आणि मग खरे कौतुकही खोटे वाटू लागते. “हे मला नाही आवडले, पण त्यातली ती एक ओळ पुन्हा लाव” असे म्हणता येणे हे अधिक चांगले.

रॅपबद्दल तू “नुसती बडबड” असे लिहिले आहेस. मलाही रॅप फारसे रुचत नाही. माझे वय झाले, आणि त्यातल्या शिव्या मला नको वाटतात. परंतु बडबड हा आरोप कोकणातल्या मुलीने करू नये. शक्ती-तुऱ्याचा सामना तू पाहिलेला आहेस. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. गण झाला, गवळण झाली, की एक शाहीर पुराणातले कोडे गाण्यात गुंफून समोरच्यावर टाकतो, आणि समोरच्याने त्याला त्याच तडफेने, यमक न सोडता उत्तर द्यायचे. मध्ये एकमेकांची टिंगलही यथेच्छ चालते. दोन रॅपर समोरासमोर उभे राहून करतात ते याहून फारसे निराळे नाही. भीमगीतांच्या परंपरेतही कव्वालीचे मुकाबले रंगत आले आहेत, तेव्हा तुझी रूममेट रविवारी जे लावते आणि इतर दिवशी जे लावते त्यांत तुला दिसते तेवढे अंतर नसावे. तिला एक गाणे शब्दांसह पडद्यावर लावायला सांग. चार मात्रांचा एक बार, असे सोळा बार मिळून एक कडवे, आणि मध्ये परत परत येणारे धृपद, ज्याला ते हूक म्हणतात, ही त्याची रूढ मांडणी. पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष न देता हातावर मात्रा मोज. यमक बारच्या शेवटी पडते की आधीच येऊन जाते, शब्द ठेक्यावर बसतो की ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, हे दुसऱ्यांदा ऐक. ज्या मुलीला जाखडीचा ठेका झोपेत येतो तिला हे दहा मिनिटांत दिसेल, आणि हे तुला दिसले असे तिला कळले तर ती पुढचे गाणे स्वतःहून लावील.

आता तुमच्या खोलीकडे येते, कारण मी अखेर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई आहे आणि तुझ्या पत्रातले एक वाक्य मला सारखे टोचते आहे. “तिचा स्पीकर कोपऱ्यात खिडकीच्या कट्ट्यावर असतो आणि शेजारचे काका भिंत वाजवतात.” 50 हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची तरंगलांबी जवळपास 7 मीटर असते, म्हणजे तुमच्या 12 फुटी खोलीच्या सुमारे दुप्पट. असा ध्वनी चार इंची भिंतीला दाद देत नाही. त्यातून स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर दोन्ही भिंती खर्जाला आणखी फुगवतात. तो कोपऱ्यातून काढून खोलीच्या आतल्या बाजूला आणा आणि खाली गोधडीची घडी ठेवा, म्हणजे कट्ट्यातून जाणारा कंप कमी होईल. एवढ्याने शेजारच्या काकांचा निम्मा राग उतरावा. रात्री 10 ते सकाळी 6 हा नियमानुसार शांततेचा काळ आहे आणि निवासी भागात त्या वेळी मर्यादा 45 डेसिबलची असते, दिवसा 55ची. डेसिबलचे गणित तुला आठवते का? 10 डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. ती साडेअकराला येते तेव्हा तू झोपलेली असतेस, आणि तू साडेपाचला अभंग लावतेस तेव्हा तिची पाच तासांची झोपसुद्धा झालेली नसते. याबद्दल तुझ्या पत्रात चकार शब्द नाही! तिचे गाणे तुला आवाज वाटतो आणि तुझे अभंग तिला पवित्र वाटावेत, ही अपेक्षा सोडून दे. दोघींनी रात्री आणि पहाटे हेडफोन वापरावेत. तेही जपून, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला 40 तास ऐकायचे तर 80 डेसिबलपर्यंतच सुरक्षित आहे, आणि 90 डेसिबलला तीच मर्यादा अवघ्या 4 तासांवर येते. लोकलच्या खडखडाटात गाणे ऐकू यावे म्हणून आपण आवाज किती वाढवतो, ते एकदा गाडी फलाटावर थांबलेली असताना तपासून पाहा.

लोकलवरून आठवले. दोघी एकत्र ठाण्याला याल तेव्हा एकाच इअरफोनची एकेक बाजू वाटून घ्याल, हे मी गृहीत धरते. तुमच्या वयाच्या मुली तेच करतात. पण स्टिरिओ ध्वनिमुद्रणात डावीकडचे आणि उजवीकडचे ध्वनी वेगळे असतात. जुन्या काही ध्वनिमुद्रणांत तर गाणारा एका बाजूला आणि बरीचशी वाद्ये दुसऱ्या बाजूला असा प्रकार आहे. म्हणजे तू अर्धे गाणे ऐकशील, ती उरलेले अर्धे ऐकेल, आणि मग दोघी त्याच गाण्यावर वाद घालाल. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाच्या विभागात मोनो ऑडिओ अशी सोय असते, ती सुरू करा, की दोन्ही कानांत पूर्ण गाणे येते. घणसोलीहून रबाळे, ऐरोली, दिघा गाव आणि ठाणे एवढ्या प्रवासात तिची दोन आणि तुझी दोन गाणी सहज होतात.

बाहेर जाऊन ऐकण्यासारखे तुमच्या आसपास पुष्कळ आहे. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ठाण्यात गडकरी आणि घाणेकर अशी दोन नाट्यगृहे आहेत, आणि पंडित राम मराठे यांच्या स्मरणार्थ महापालिकेचा संगीत समारोह दरवर्षी होतो. तेथे तिला न्यायचे असेल तर माझ्यासारखी चूक करू नकोस, विलंबित ख्यालापासून सुरुवात नको. एकल तबलावादन असेल त्या दिवशी ने. तबलजी कायदा किंवा रेला अशी एखादी रचना वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणून दाखवतो, ती पढंत ऐकताना रॅप ऐकणारी मुलगी ताठ बसेल असा माझा अंदाज आहे. दिवाळीच्या पहाटे तलावपाळीला आणि राम मारुती रस्त्याला तरुण मुलांची जी गर्दी उसळते तिच्यात गाणे किती आणि नवे कपडे किती हे सांगणे कठीण, तरीही एकदा जाऊन या. नेरुळच्या मैदानातले मोठे परदेशी कार्यक्रम मात्र पगार जमू लागल्यावर. 2025च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तेथे झाले तेव्हा माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी तिकिटांवर इतके पैसे घातले की पुढचे दोन महिने ते एकमेकांकडे उसने मागत होते.

या सर्वांहून जवळचे आणि फुकटचे म्हणजे तुमच्या इमारतीमागचे घणसोली गाव. तुमचे घरमालक आगरी आहेत असे तू लिहिले आहेस. लग्नसराईत त्यांच्याकडून हळदीचे बोलावणे आले तर दोघीही जा. रात्रीचा बेंजो आणि मोठाले स्पीकर यांच्यापुढे तुमच्या खिडकीच्या कट्ट्यावरचा स्पीकर म्हणजे डास. परंतु लवकर गेलात तर कदाचित धवलारीण भेटेल. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले म्हणणारी ही बाई. तिचे गाणे हाच लग्नाचा विधी असतो. सिडकोने या जमिनीवर शहर उभारण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाणे येथे म्हटले जात होते. तेथे तुम्ही दोघीही परक्या असाल, दोघींनाही शब्द पुरते कळणार नाहीत, आणि मध्येच ती तुला कोपर मारून “काय म्हणाली गं?” असे विचारील. त्यासाठी तरी जाच.

आणि हे सगळे करूनही गाण्यांवरून काही जमले नाही तर जमले नाही. मग ठेचा आहे, पापलेट आहे, भविष्यनिर्वाह निधीचा फॉर्म दोघींनी मिळून भरणे आहे. भांडी वेळेवर घासणारी रूममेट नवी मुंबईत सहज मिळत नाही, तिला केवळ अभंग आवडत नाहीत म्हणून घालवू नकोस.

गणपतीला गावी जाशील तेव्हा जाखडीचे चांगले अर्ध्या तासाचे ध्वनिमुद्रण करून आण, आणि त्यात वडिलांचा आवाज ओळखू येईल असे पाहा. त्याआधी एखाद्या रविवारी दोघी माझ्याकडे जेवायला या. तिला वांगे चालते का ते विचारून कळव, मिरजेकडची भरली वांगी करायचा विचार आहे. तिला तिचे एक गाणे आणायला सांग, कोणतेही. तू आणू नकोस, तुझी मला पाठ आहेत. आणि आल्यावर हसू नका, माझाही स्पीकर गेली अकरा वर्षे कोपऱ्यातच आहे, तुम्ही येण्यापूर्वी तो हलवून ठेवते.

तुझ्या बाई